मध कोणी चाटवायचा

आमच्या घरात कोणाचाही स्वभाव त्याचा स्वतःचा नव्हता. तो कोणाकडून तरी आलेला असे, आणि कोणाकडून आला ते सगळ्यांना ठाऊक असे. मूल जन्मलं की त्याच्या जिभेला पहिलं मधाचं बोट जो लावतो, त्याचा स्वभाव मुलाला लागतो, अशी आमच्याकडे पक्की समजूत होती. त्यामुळे बाळंतपण जवळ आलं की सुईण कोण, दवाखाना कोणता, यापेक्षा मध कोणी चाटवायचा याचीच चर्चा जास्त होई. बाबांना गावातल्या एका पैलवानाने मध चाटवला होता, म्हणून बाबा भांडणात आवाज न चढवता नुसते उभे राहत आणि तेवढं पुरत असे. माझ्या मोठ्या बहिणीला, कुंदाताईला, आत्याने चाटवला. आत्या विजेला, बैलाला, पोस्टमनला आणि कोरड्या विहिरीलासुद्धा घाबरायची, म्हणून ताईही घाबरायची. मला चाटवला आईच्या मामांनी. ते तलाठी होते आणि आई सांगायची की ते घास मोजून जेवत. मी त्यांना उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा ते झोपलेले होते. तरी माझ्या हातून जे जे घडलं त्याचं खापर त्या बिचाऱ्या झोपलेल्या माणसावर फुटलं.

आमचं गाव बाभुळगावच्या अलीकडे, डांबरी सडक सोडून आत. हिवाळा संपत आला की समोरच्या खोलीत कापूस आढ्याला टेकलेला असे, आणि आम्ही त्यातच झोपत, शिंकत आणि अंग खाजवत असू. सकाळी आईचा वरवंटा पाट्यावर मिरची-लसणावर फिरायला लागला की घर जागं होई. रविवारी गोळा-भात असायचा. वाफाळलेला भात, त्यावर कुस्करलेला डाळीचा गोळा आणि वरून लसूण-मोहरीचं कडकडीत तेल. ते तेल भातावर पडताना होणारा चर्र आवाज मी आजही दुसऱ्या खोलीतून ओळखतो. पण त्या आवाजाचा आनंद मला कधी पुरता घेता आला नाही, कारण त्या वेळी माझं लक्ष सगळ्यांच्या ताटांकडे असे. कोणाच्या ताटात किती गोळे पडले ते मी बघत असे. मला जास्त हवे असत असं नाही, सारखे हवे असत. हे आबाकाकांना माहीत होतं. आबाकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. मुलगी पाहायच्या कार्यक्रमाला ते कधी वेळेवर पोचले नाहीत, पुढे तो विषय मागे पडला आणि ते आमच्यातच राहिले. ते मुद्दाम आपला एक गोळा माझ्या ताटात टाकत आणि माझ्या तोंडाकडे बघत बसत. मी तो परत देई. ते पुन्हा टाकत. शेवटी आई दोघांना ओरडे आणि भात निवून जाई.

अशा घरात ताई ढाणकीच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला आली. आल्या आल्या ती आईच्या गळ्यात पडून रडली. आईला वाटलं सासरचं काही असेल, पण ते काहीच नव्हतं. माणसं चांगली होती. तिला भीती होती ती वेगळीच. आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती म्हणाली, "आई, माह्या लेकराले माह्यासारखं नको होऊ देजो. मले आडावर एकटं जायचंबी भेव वाटते. सासरी हासतात मले." मध कोणी चाटवायचा ते नीट बघून ठरवा, घाईगर्दीत जो समोर येईल त्याच्या हाती बाटली देऊ नका, एवढंच तिचं मागणं होतं. आपल्या वेळी तसंच झालं होतं, असंही ती म्हणाली. आत्या तेव्हा सहज चहाला आली होती म्हणे.

मी तेव्हा सतराचा होतो आणि हे सगळं कापसाच्या ढिगावर पडून ऐकत होतो. मला तेव्हा जे वाटलं ते लिहायला आज संकोच होतो, पण लिहायचंच तर पूर्ण लिहावं. मला वाटलं, माझं नाव निघेल. मी शिस्तीचा, शब्दाचा पक्का, कोणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाचा मध मुलाला लागला तर वाईट काय? सतरा वर्षांत माझ्या स्वभावाबद्दल घरात कोणी बरं बोललं नव्हतं. 'किचकट' हाच त्यातला सौम्य शब्द. मध चाटवायला मला बोलावलं असतं तर ते माझ्या स्वभावाला मिळालेलं पहिलं प्रमाणपत्र ठरलं असतं. पुढचे काही दिवस मी मुद्दाम सगळ्यांच्या डोळ्यांपुढे वावरत होतो. कोणी नाव काढलं नाही. आईने शेजारणीचं काढलं, बाबांनी सरपंचाचं काढलं, काकांनी तर आमच्या कपिला गाईचं काढलं. ती सगळ्यांत शांत आहे म्हणाले.

तेवढ्यात विलास आला. विलास म्हणजे त्याच घाबरट आत्याचा मुलगा. अमरावतीला मानसशास्त्रात एम.ए. करत होता आणि त्याच्या अभ्यासासाठी त्याला माणसं हवी होती. आमच्याकडे माणसंही होती आणि जेवणही. पिशवीतून त्याने एक जाडजूड प्रश्नावली काढली आणि समजावून सांगितलं की स्वभाव मोजता येतो. माणूस लोकांत रमतो की एकटा, काळजी किती करतो, रागावतो किती, काम कसं करतो, अशी स्वभावाची वेगवेगळी अंगं असतात. प्रत्येक अंगासाठी बरेच छोटे छोटे प्रश्न असतात, माणसाने हो किंवा नाही म्हणायचं, मग बेरीज करायची आणि ती इतर लोकांच्या बेरजांशी ताडून बघायची. एका उत्तरावर काही ठरत नाही, सगळी मिळून काहीतरी दिसतं. मला हे ऐकून जे समाधान झालं ते पुढे लग्नातही झालं नाही. स्वभावाची बेरीज होते! मी उठून बसलो.

बाबांना मात्र शंका होत्या. ते म्हणाले, जिनिंगमधला ग्रेडर कापसाचा पुंजका हातात घेतो, दोन बोटांनी धागा ओढतो आणि प्रत सांगतो. तो काही कापसाला विचारत नाही की बाबा रे, तू कसा आहेस. विलास म्हणाला की इथे माणसालाच विचारावं लागतं.

"मंग माणूस खरं कायले सांगन?" बाबा म्हणाले.

विलासला हा प्रश्न आवडला. त्याने सांगितलं की त्याची सोय प्रश्नांतच करून ठेवलेली असते. काही प्रश्न पेरलेले असतात. स्वतःला फार चांगला दाखवणारा त्यांत अडकतो. ते कोणते, हे मात्र सांगायचं नसतं. हे ऐकून बाबांचं मत एकदम बदललं. चोर पकडायची सोय असलेली कोणतीही व्यवस्था त्यांना आवडे. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की आता ह्याच्यावरच ठरवू, मध कोणी चाटवायचा.

विलासने डोक्याला हात लावला. त्याने परोपरीने सांगितलं की ही प्रश्नावली ह्यासाठी नाही, आणि मुळात मधाने स्वभाव येत नाही. थोडा रक्तातून येतो, थोडा घरातून, शाळेतून, संगतीतून. किती कुठून येतो त्याचा वाद शास्त्रज्ञांतही आहे.

"अन् मधातून किती?"

"मध धरतच नाहीत, मामा."

"मोजून पाह्यलं काय कोनी?"

विलासने प्रश्नावलीची पानं चाळली. मोजून खरंच कोणी पाहिलं नसावं. पुढे तो प्राध्यापक झाला, निवृत्तही झाला, पण त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला अजून सापडलेलं नाही असं तो लग्नाकार्यात भेटला की सांगतो.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर ओट्यावर सतरंजी अंथरली. उमेदवार चौघे होते: आई, बाबा, काका आणि मी. माझं नाव विलासने घातलं, त्याला संख्या हवी होती. आईला प्रश्न वाचून दाखवावे लागत आणि ती कोणत्याच प्रश्नाचं उत्तर स्वतःबद्दल देईना. 'मला पटकन राग येतो' म्हटलं की ती म्हणे, "कोनाले? मले? तुह्या मामाले इचार." 'मला मोठ्या समारंभात जायला आवडतं' म्हटलं की नेतं कोण, असा उलटा सवाल. विलासने शेवटी तिचा पेपर अर्धाच घेतला. बाबांनी पाटावर ताठ बसून, एकेका प्रश्नाला घसा साफ करून खुणा केल्या. काकांनी बसल्या बसल्या सगळं संपवलं, मधे दोनदा हसले, एकदा 'हे खरं हाये बाप्पा' असं पेपरालाच म्हणाले आणि बोरं खायला निघून गेले.

मला संध्याकाळ झाली. दोष प्रश्नांचा होता असं माझं तेव्हाही मत होतं. 'मला लोकांत मिसळायला आवडतं.' कोणत्या लोकांत? बाजाराच्या की मयताच्या? 'मी बहुधा आनंदी असतो.' बहुधा म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ, की बराच जास्त? विलास प्रत्येक वेळी म्हणे की मनात पहिलं येईल ते लिही. माझ्या मनात पहिली शंका येई. म्हणून मी समासात बारीक अक्षरात अटी लिहिल्या. काही प्रश्न मात्र अगदी सोपे होते आणि त्यांवर मी भराभर खुणा केल्या. 'सांगितलेली वेळ मी कधीही चुकवत नाही.' हो. 'आजचं काम मी कधीही उद्यावर टाकलेलं नाही.' हो. 'कोणी पाहत नसलं तरी मी नियम मोडत नाही.' हो. 'कोणाच्या मागे मी कधीही वाईट बोलत नाही.' हो, आणि हे तर शंभर टक्के खरं होतं. मी समोरच बोलत असे. असे प्रश्न आले की मला हायसं वाटे. हे माझ्यासाठीच घातले आहेत, असं वाटे.

विलासकडे भोकं पाडलेले पुठ्ठे होते. पुठ्ठा उत्तरांच्या कागदावर ठेवायचा, भोकांतून दिसतील तेवढ्या खुणा मोजायच्या. एकेका अंगाचा पुठ्ठा वेगळा. सकाळी चहाबरोबर त्याने निकाल सांगायला घेतला तेव्हा ताईसुद्धा भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. माझा कागद त्याने आधी बाजूला ठेवला. मला वाटलं, चांगला म्हणून शेवटी ठेवला असेल.

"सुध्याचा बाद हाये, मामा," तो म्हणाला. "ते पेरलेले प्रश्न हायेत ना, त्या सगळ्यांत अडकला हा. माह्या पाहण्यात इतके कोनाचेच नाई आले."

बाबांनी कप खाली ठेवला. "म्हंजे पोट्टं खोटं बोलते?"

"खोटं नाई म्हणत मी. भरवसा नाई ठेवता येत, असं."

मी उठून उभा राहिलो. एकेक प्रश्न काढा आणि विचारा, म्हणालो. मी कधी वेळ चुकवली? कधी काम उद्यावर टाकलं? आई म्हणाली, ते खरं आहे बाई, नाही टाकत, दुसऱ्यांनाही टाकू देत नाही. विलास अडचणीत आला. असा माणूस असू शकतो हे त्या पुठ्ठ्याने धरलेलंच नव्हतं. काकांच्या कागदावर मात्र त्या भोकांतून एकही खूण दिसली नाही. वेळ पाळत नाही, काम उद्यावर टाकतो, नियम मोडतो, मागून बोलतो, सगळं त्यांनी बिनदिक्कत कबूल केलं होतं. राग नाही, काळजी जवळजवळ नाही, माणसांची आवड इतकी की वर जागा उरली नव्हती. म्हणजे ज्या माणसाला बाजारातून मीठ आणायला पाठवलं तर तो दुसऱ्या दिवशी मिठाशिवाय परत येई, तो आमच्या घरातला सर्वांत भरवशाचा माणूस म्हणून शास्त्राने सिद्ध झाला, आणि मी खोटा ठरलो.

मग विलासने बाबांचा कागद घेतला, पुठ्ठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. काळजी आणि भीती मोजायचा तो पुठ्ठा होता. तो चाचरत म्हणाला की घरात सगळ्यांत जास्त गुण बाबांचे आहेत, खूपच जास्त. बाबा म्हणाले, पुठ्ठा उलटा ठेवला असशील. विलासने सुलटा करून दाखवला. बाबा उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. बैल नुकतेच पाणी पिऊन आले होते. ताई त्यांच्या पाठीकडे ते दिसेनासे होईपर्यंत बघत होती.

मध काकाच चाटवणार हे ठरलं. मला ते सहन झालं नाही. दुपारी ताई मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, मी जाऊन तिच्यासमोर बसलो आणि सरळ विचारलं, पुठ्ठ्याचं सोड, तुला स्वतःला काय वाटतं, मी चाललो असतो की नाही? मला खात्री होती ती हो म्हणेल. घरात मला न हसणारी ती एकटीच होती.

"नाई," ती म्हणाली. शेंग सोलायची थांबलीसुद्धा नाही. "तू नको होता मले."

मी सुपातली एक शेंग उचलली आणि तशीच परत ठेवली.

"रागावू नको. तू खोटा नाईस, मले मालूम हाये. पण तुले तुहाच लय तरास होते रे. भात गरम हाये तवर तू कधी जेवला? माह्या लेकरानं गरम गरम जेवावं, एवढंच मनात हाये." दोन-चार शेंगा सोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबाबी घाबरते म्हने. इतकी वर्सं मले कोनी सांगतलं नाई."

स्वभावाबद्दल मी त्यानंतर बरंच ऐकलं आहे. मागच्या महिन्यात माझ्या मुलीने मोबाइलवरची अशीच एक चाचणी माझ्या हातात दिली. दहा मिनिटांची होती ती, मला दीड तास लागला, आणि मधे दोनदा फोन झोपला. निकालात लिहून आलं की मी अत्यंत काटेकोर आहे. हे सांगायला चाचणी कशाला हवी होती, असं माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. गॅसचं सिलिंडर आलं की मी ते अजूनही तोलून घेतो. पण कोणी माझ्या स्वभावाचं माप काढलं म्हणायचं तर ते ताईने, शेंगा सोलता सोलता, आणि त्यात दुरुस्ती करायला मला आजवर जागा सापडलेली नाही.

ताईला कळा लागल्या त्या एके दिवशी सकाळी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आई आत, बाबा आवारात कडुलिंबाखाली, मी वॉर्डच्या दाराशी. बाबा एका जागी उभे होते आणि हातातल्या टॉवेलला पीळ घालत होते, सोडत होते, पुन्हा घालत होते. आधी मी म्हणालो असतो की पैलवानाचा मध. काका मधाची बाटली आणायला रानातल्या ओळखीच्या कोलाम आदिवासीकडे गेले होते आणि ते संध्याकाळपर्यंत येणार नाहीत हे सगळे धरून चालले होते. मला काम नव्हतं, म्हणून मी दारावरची पाटी वाचली. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, पाणी, मध, गुटी, साखर यांपैकी काहीही देऊ नये, असं तिच्यावर लिहिलं होतं. मी ती खालपर्यंत वाचली. नर्सबाईंना विचारून खात्रीही केली. मधाने तान्ह्या बाळाला अपाय होऊ शकतो, त्या म्हणाल्या, चाटवूच नका.

दुपारी मुलगी झाली. आणि आबाकाका आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आले. घामाने भिजलेले, हातात बाटली, बुचाला कापडाची चिंधी.

मी दारात आडवा उभा राहिलो. पाटी दाखवली. काका म्हणाले एक बोट रे फक्त. मी म्हणालो पाटीवर बोटाची सूट दिलेली नाही. आई बाहेर आली, तिने समजावलं. आपल्या घरात सगळ्यांना चाटवला, कोणाचं काय वाईट झालं? मी तिला पाटी वाचून दाखवली. बाबा आले. ते नुसते उभे राहिले, आणि ते नेहमी पुरत असे, पण त्या दिवशी टॉवेलमुळे पुरलं नाही. शेवटी आई चिडून म्हणाली, "जळून राह्यला तू. तुले नाई निवडलं म्हनून जळून राह्यला."

जळत होतो की नव्हतो हे मला खरंच सांगता येत नव्हतं, आणि त्यासाठी कोणाकडे पुठ्ठा नव्हता. पण पाटी पाटी होती. मी हललो नाही.

आतून ताईचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "आई, नको म्हनते ना दवाखाना. मंग नको. काकाले बाहेर बसव. कोनाचाच नको लागू देऊ तिले." मग मला हाक मारली. मी आत गेलो. मुलगी फडक्यात गुंडाळलेली होती आणि अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशी रडत होती. ताई तिच्याकडे बघत होती आणि घाबरलेली दिसत नव्हती.

"पाणीबी नाई म्हनते का पाटी?"

"नाही म्हणते."

"गुटी?"

"सहा महिने नाही."

"मंग सहा महिने तूच बस दाराशी," ताई म्हणाली. "तुह्यापुढून कोनी जाऊ शकत नाई."

मी विचारलं, सहा महिने आजपासून धरायचे की उद्यापासून. ताई इतकी हसली की तिला दुखलं, आणि नर्सबाईंनी मला बाहेर काढलं.

बाहेर बाकड्यावर काका एकटेच बसले होते, बाटली मांडीवर. त्यांचा राग गेला होता, मुळात आला असलाच तर. मी शेजारी बसलो. त्यांनी चिंधी सोडली, बूच काढलं आणि बोट आत घातलं.

"घे पोट्ट्या," ते म्हणाले. "तुले जास्त गरज हाये."

मी विचारलं, हात धुतले होते का.

काकांनी बोट धोतराला पुसलं, पुन्हा बाटलीत बुडवलं आणि माझ्या तोंडासमोर धरून थांबले. मध मनगटाकडे ओघळायला लागला तरी ते थांबले. मग मी तोंड उघडलं.